सीटकव्हरातलं काज

पाळण्यावर मी वाकले, पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि गप्प बसले.

माझ्या मागं शिर्क्यांच्या भावकीतल्या बायका तयारीत उभ्या होत्या. आत्यानं कानात कुर्र करून नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे, एवढ्यासाठीच अर्ध्या बायका बारशाला येतात. एकीनं तर बांगड्या कोपरापर्यंत सारून ठेवल्या होत्या. मी नाव न घेताच सरळ झाले, तसा तिचा हात हवेतच राहिला.

"नाव ठेवते," मी म्हटलं. "पण आधी मला सांगा, पोरगी घरी कशी जाणार?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पोरगी गाडीतनं जाणार, दुसरी कशी जाणार? शिर्केकाकूंना वाटलं, आत्याबाईंना मानाची साडी पसंत पडली नाही. त्या लगबगीनं म्हणाल्या की रंग बदलून आणता येईल. साडी चांगली होती, मी अजून नेसते. माझं घोडं कुठं अडलंय ते त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि दारात उभ्या असलेल्या माझ्या वडलांना, अण्णांना.

ही गोष्ट पंधराएक वर्षांपूर्वीची. माझा भाऊ धैर्यशील फौजेत, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. त्याची बायको तृप्ती पहिल्या बाळंतपणाला चिपळूणला माहेरी, आपल्या आईकडं, शिर्केकाकूंकडं गेली होती. पोरगी तीन महिन्यांची झाली, तेव्हा ठरलं की बारसं चिपळूणलाच करायचं आणि त्याच दिवशी दुपारी मायलेकींना घेऊन कराडला यायचं. म्हणून अण्णा, आई आणि मी असे तिघं अण्णांच्या नव्या गाडीतनं पहाटेच निघून आलो होतो. येताना मी बरोबर एक खुर्ची आणली होती, तान्ह्या पोराला गाडीत बसवायची.

मी शिवणकाम करते. कराडात माझं ब्लाउजांचं दुकान आहे. माझ्या एका गिऱ्हाइकाची लेक पुण्याहून आली होती, तिच्या गाडीत तसली खुर्ची मी पाहिली. टोपलीसारखी, आत मऊ, पोराला खांद्यावरनं पट्टे, आणि सगळी खुर्चीच गाडीच्या पट्ट्यानं जखडून टाकलेली. मी त्या पोरीला दहादा ती काढायला आणि लावायला लावली. शेवटी ती म्हणाली, मावशी, तुम्हालाच एक आणून देऊ का? मी म्हटलं, आण.

चिपळूणला पोचलो. पोरीच्या दुपट्यांचं गाठोडं, काकूंनी दिलेलं सामान, फणसपोळ्या, कोकमाच्या बाटल्या, हे सगळं डिकीत भरताना अण्णांनी माझी खुर्ची उचलून बाहेर पडवीत ठेवली. असू दे इथंच, म्हणाले, पोराला टोपलीत घालायला ती काय कोंबडी आहे? आणि ती लावणार कशाला? मागचे पट्टे तर सीटकव्हराखाली गेलेत.

हे मात्र खरं होतं. नवी गाडी आली त्याच दिवशी अण्णांनी तिला सीटकव्हर चढवून घेतलं. मरून मखमल, कडेनं सोनेरी पायपिंग, आणि वर प्लॅस्टिक, ते अजून काढलंही नव्हतं. मागच्या पट्ट्यांची कुलपं कव्हर बसवणाऱ्यानं खाली दाबून वरनं गच्च ओढून टाकलं. त्यानं विचारलं होतं, ठेवायची का वर? अण्णा म्हणाले, मागचे पट्टे कोण लावतंय. पुढचा पट्टा तरी कुठं लावत होते. चौकी दिसली की पोटावर ओढून हातानं धरायचा आणि पोलीस मागं पडला की सोडून द्यायचा.

आता अण्णांचं सांगायला पाहिजे, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. उभी हयात घाटातनं गाडी हाकली आणि कुणाला ओरखडा काढला नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला होता त्यांना. तो आमच्या घरात देवांच्या फोटोंच्या रांगेत लावलाय आणि हार घालताना आई त्यालाही फूल वाहते. अण्णांच्या गाडीत पट्टा लावायचा म्हणजे अण्णांच्या हातावर भरवसा नाही असं त्यांच्याच तोंडावर सांगायचं. आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

बरं, नियमांचे तर पक्के. डबल बेलशिवाय गाडी हलवणार नाहीत. एसटीत कंडक्टर दोरी ओढतो ना, एक बेल थांब, दोन बेला चल, तीच रीत घरच्या गाडीलाही. जीप असो, कुणाचा ट्रॅक्टर असो, आणि आता ही गाडी असो, कंडक्टर मीच. मला बोलता यायला लागल्यापासून मी तोंडानं टिंग टिंग करायची आणि मगच अण्णा गिअर टाकायचे. मी चाळिशीला आले तरी हे चालू होतं. लोक हसायचे, आम्हाला काही वाटायचं नाही.

तर पाळण्यापाशी मी अडून बसले. म्हटलं, खुर्ची गाडीत लागली पाहिजे, पोरगी खुर्चीत बसली पाहिजे. तोवर मी नाव ठेवत नाही. आत्याचा मान आहे ना, मग मी तो वापरणार.

अण्णांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चार परक्या माणसांत लेकीनं आपल्या ड्रायव्हिंगवर बोट ठेवलं, हे त्यांना गिळवेना. पण आवाज चढवायचा त्यांचा स्वभाव नाही. ते शांतपणे म्हणाले, "राहू दे नाव. नावावाचून पोर उपाशी मरत नाही. ऊन कलायच्या आत घाट चढायचाय, पानं मांडा."

खाण तशी माती म्हणतात. मला वाटलं होतं बारसं अडलं की हे नमतील. माझा अंदाज साफ चुकला. बिननावाच्या पोरीच्या बारशाला लोक जिलेबी खाऊन गेले. जेवताना तृप्तीची एक मावशी दुसरीच्या कानात बोलली, पण मला ऐकू येईल असं बोलली, की लग्न नाही, पोरबाळ नाही, म्हणून दुसऱ्याच्या पोरावर हुकूम चालवते. आणि वर म्हणाली, एका डोळ्याची माणसं हट्टी असतात.

हो, मला एकच डोळा आहे. डावा लहानपणीच गेला. उजव्यानं मी सुई ओवते, काज करते, माणसंही ओळखते. त्या मावशीला मी म्हटलं, वाढा की जिलेबी, दिसतंय मला ताट रिकामं आहे ते. मग ती माझ्या ओळीला आली नाही.

डोळा कसा गेला याची गोष्ट आमच्या घरात ठरलेली होती. दहा महिन्यांची असताना पुष्पी आईच्या हातातनं पडली, संपलं. पाहुण्यांना हेच सांगायचे, शाळेत हेच सांगितलं, मला बघायला आलेल्या दोन-तीन स्थळांनाही हेच सांगितलं. सांगताना आई तिथंच चहाचा ट्रे धरून उभी असायची. पुढं भाऊबंदांत कुणाचं पोर जन्माला आलं की बायका आईच्या हातात द्यायच्या, पण स्वतःचा हात खाली धरून. आई ते पोर लगेच परत द्यायची. मी हे बघत बघत मोठी झाले आणि का कोण जाणे, मला त्या डोळ्यापेक्षा त्या खाली धरलेल्या हातांचा राग जास्त यायचा.

खरं काय झालं ते मला आईनं एकदाच सांगितलं, साड्यांना फॉल लावत बसलो होतो तेव्हा. मी कुठनं पडले-बिडले नव्हते. अण्णांच्या मित्राची जीप होती, जत्रेला निघाले होते, आई मला मांडीवर घेऊन पुढं बसली होती. वळणावर म्हैस आडवी आली आणि अण्णांनी ब्रेक मारला. एवढंच सांगून आईनं दोरा तोडला. कुणाला बोलू नकोस, म्हणाली, त्यांना त्रास होतो. मी कुणाला बोलले नाही.

जेवणं उरकली. आमच्यात एक रीत आहे. पोर पहिल्यांदा बापाच्या घरी निघतं तेव्हा आईची आई ते बापाच्या आईच्या पदरात घालते आणि ती आजी त्याला पदरात घेऊन गाडीत पुढं बसते. पूर्वी बैलगाडीतही अशीच बसायची म्हणे. मोकळ्या पदरानं गाडीत चढायचं नाही. आईनं या दिवसाची किती वाट बघितली होती ते मला ठाऊक होतं. नवं इरकल नेसली होती आणि पदराला गाठ मारून बघत होती, सुटते का म्हणून. पट्ट्याचा हट्ट धरायचा म्हणजे आईच्या पदरातनंच पोर काढून घ्यायचं होतं.

मी पडवीतनं खुर्ची उचलली आणि गाडीच्या मागच्या दाराला टेकून उभी राहिले. तृप्ती माझ्या शेजारी येऊन थांबली. ती नवी सून, सासऱ्यांपुढं कधी मान वर केली नव्हती. हळूच म्हणाली, "आक्का, मलाही खुर्चीच पाहिजे हो. पण मी कसं बोलू?" मी म्हटलं, तू नको बोलू, माझी जीभ कशाला आहे.

काकूंनी पोरीला कुंकवाचं बोट लावलं. पायावर पाणी घातलं. मग आईसमोर उभ्या राहून तिच्या पदरात पोर घातलं आणि सवयीनं, अगदी नकळत, आपला एक हात खाली धरून ठेवला. सगळ्या नात्यात गोष्ट पोचलेलीच होती. आईनं तो हात बघितला.

अण्णा स्टेअरिंगवर बसले होते. खिडकीतनं डोकं बाहेर काढून ते आईला म्हणाले, "जपून बस. या वेळेला नीट धर."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. ओढ्यातनं वाट काढताना बैलाला जपून म्हणावं तसं ते म्हणाले. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्ची खाली ठेवून मी त्यांच्या खिडकीपाशी गेले.

"अण्णा, एक विचारते. त्या वेळेला जीप कुठं आपटली होती?"

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांची छाती जरा पुढं आली. म्हणाले, "आपटली नव्हती. म्हशीच्या शिंगाला लागली नाही. एक वीत अंतर ठेवून थांबवली मी."

"मग मी कुठं आपटले?"

अंगणातली माणसं गाडीजवळ सरकली. काकू, मावश्या, शेजारची माणसं, सगळी बघत होती. अण्णांनी माझ्याकडं न बघता आरशाकडं बघितलं. म्हणाले, "तू आईच्या हातातनं पडलीस. सगळ्यांना माहीत आहे."

"घट्ट धरलं होतं मी."

हे आई बोलली. आवाज मोठा नव्हता. ती तिथंच उभी होती, पदरात पोर होतं आणि काकूंचा हात अजून खालीच होता.

"तेव्हापण घट्टच धरलं होतं," आई म्हणाली. "हिच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ उठले होते. दवाखान्यातल्या बाईंनी मला विचारलं, पोरीला मारलंस का? मी म्हटलं, नाही हो बाई, धरलं होतं. तुम्ही बाहेर सगळ्यांना सांगत होता, हिच्या हातातनं पडली. मी म्हटलं, असेल बाई. गाडी तर कुठं आपटली नाही, मग माझेच हात कमी पडले असतील. इतकी वर्षं मी तेच म्हणत आले. पण वळ उठले होते. मी डोळ्यांनी बघितलेत."

वळांचं मला आईनं कधी सांगितलं नव्हतं. माझा हात आपोआप माझ्या दंडावर गेला. तिथं काय असणार, पण गेला. मला रडू आलं आणि त्या मावशीसमोर रडायला मी तयार नव्हते, म्हणून मी गाडीच्या टपाकडं बघत राहिले.

मग आईनं काकूंना सांगितलं, "हात काढा विहीणबाई. पडत नाही ती." काकूंनी चटका बसावा तसा हात मागं घेतला. आणि आई, जिनं गाठ मारून मारून पदर तयार केला होता, ती पदरातलं पोर घेऊन पुढच्या दाराशी न जाता मागच्या दाराशी आली. म्हणाली, "पुष्पे, तुझी ती खुर्ची लाव. माझ्या हातांवर आता कुणाचं पोर सोपवू नका. हात कमी नाहीत माझे. पण हातानं होणारं काम नाही ते."

मी खुर्ची सीटवर ठेवली. पण लावणार कशी? पट्टा वरनं लोंबत होता आणि त्याचं कुलूप मखमलीखाली गडप. मी प्लॅस्टिकवरनं चाचपत होते, तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. अण्णा होते. किल्ली काढून ते उतरले होते. गुडघे सीटवर टेकवून आत आले, तोंड माझ्या तोंडासमोर, पण नजर खाली. दोन्ही हातांनी सीट दाबत गेले आणि एका जागी त्यांचा अंगठा थांबला.

"हे बघ, इथं आहे. कात्री आहे का जवळ?"

शिवणाऱ्या बाईला कात्री विचारायची? पर्समध्ये होतीच. मी म्हटलं, अण्णा, कापल्यावर परत सांधता येणार नाही, कव्हर नवं आहे. ते म्हणाले, "काप. मी धरतो."

अण्णांनी दोन्ही बाजूंनी मखमल ताणून धरली आणि मी त्यांच्या दोन अंगठ्यांच्या मधोमध कात्री घातली. प्लॅस्टिक फाटलं, मखमल कापली, खालचा फोम निघाला. मी आत बोटं घातली आणि कुलूप वर ओढलं. ब्लाउजाच्या काजातनं बटण यावं तसं ते लाल बटणाचं कुलूप वर आलं. पुढं घरी गेल्यावर मी त्या भोकाला चारी बाजूंनी मरून रेशमाचं काज घातलं आणि दुसरं कुलूप काढून त्यालाही घातलं. गाडी विकायच्या वेळी गिऱ्हाइकानं विचारलं, हे मूळचंच का? अण्णा म्हणाले, आमच्या लेकीच्या हातचं.

पट्टा खुर्चीतनं ओवून मी कुलपात घातला. खट्‌ असा आवाज आला. अण्णांनी खुर्ची गदागदा हलवून बघितली, सीट हलली पण खुर्ची हलली नाही. मग आईनं पोरीला खुर्चीत ठेवलं आणि तृप्तीनं तिचे पट्टे आवळले. पोरगी झोपेत होती, तिला कशाचं काही नव्हतं.

आता माझा शब्द मला पाळायचा होता. मी अर्धी गाडीत वाकले, पोरीच्या कानात कुर्र केलं आणि सांगितलं, शर्वरी. बायका विसरल्या नव्हत्या. गाडीच्या दारातनं बाहेर आलेल्या माझ्या पाठीवर जे धपाटे पडले ते अजून आठवतात. सगळ्यात जोराचा त्या मावशीचा होता, तिनं हिशेब चुकता केला. मीही म्हटलं, घाल, आज तुझा हक्क आहे.

आम्ही बसलो. आई पुढं, मोकळ्या पदरानं. तिला पट्टा कुठनं ओढायचा ते कळेना. अण्णांनी पलीकडं वाकून तो ओढला, तिच्या पदरावरनं आणला आणि लावला. मग स्वतःचा लावला. पोटावर धरला नाही, लावला. किल्ली घातली आणि आरशातनं माझ्याकडं बघितलं.

"पुष्पे, बेल दे."

मी दिली नाही.

अण्णा थांबले. बाहेर बायका हात हलवून हलवून दमल्या. ते पुन्हा म्हणाले, घाट चढायचाय, बेल दे. मी म्हटलं, "ड्रायव्हर बेलशिवाय गाडी हलवत नाही ना अण्णा? मग आधी आईला जे सांगायचं आहे ते सांगा. बेल माझ्याजवळ आहे, कुठं जात नाही."

आई म्हणाली, पुष्पे, पुरे आता. मी म्हटलं, पुरे नाही. तृप्तीनं माझा हात धरला, मला वाटलं गप्प करतेय, पण ती तो दाबून बसली होती. अण्णांनी किल्लीवरचा हात काढला, परत ठेवला, परत काढला. ते समोरच्या काचेतनं बाहेर बघत होते. समोर काही नव्हतं, शिर्क्यांची तुळस होती.

"धरलं होतंस तू," ते म्हणाले.

पट्ट्याखाली चुरगळलेला पदर आईनं ओढून सारखा केला, आणि दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवले.

मग मी बेल दिली. टिंग टिंग.